आईचे ताट, बाळाचे पोट आणि दुधावरचा संशय

पुण्यातील बहुसंख्य घरांत बाळंतिणीचे ताट पहिला सव्वा महिना तरी घरातील वडीलधाऱ्या बायका ठरवतात. अळिवाची खीर, डिंकाचे आणि मेथीचे लाडू, कोमट दुधातून शतावरी कल्प, मऊ भातावर तुपाची धार आणि जेवणानंतर बाळंतशेपा-ओव्याची सुपारी त्या ताटात असावी, आणि हरभऱ्याची डाळ, वांगे, बटाटा, कोबी असे वातुळ मानले गेलेले पदार्थ नसावेत, असा सर्वसाधारण संकेत आहे. बाळ रात्री कळवळून रडू लागले, त्याला हिरवी शी झाली किंवा गालांवर पुरळ उठले, की आईने काल काय खाल्ले याची चौकशी सुरू होते. अलीकडे या चौकशीला अ‍ॅलर्जीची जोड मिळाली असून वांगे आणि हरभऱ्याच्या जोडीने दूध, गहू, अंडी, शेंगदाणे यांच्यावरही संशय घेतला जातो. आईने खाल्लेले अन्न तिच्याच पोटात पचत असताना त्याचा त्रास बाळाला व्हावा कसा, आणि झालाच तर तो अमुक पदार्थाचा आहे हे ओळखावे कसे, असे हे दुहेरी कोडे आहे. त्याच्या पहिल्या भागाचे उत्तर शरीरशास्त्रात सापडते, तर दुसऱ्या भागाचे उत्तर काही आठवड्यांच्या शिस्तबद्ध चाचणीतून घरीच मिळू शकते.

ताटातले दुधात काय उतरते?

अ‍ॅलर्जी जवळजवळ नेहमी प्रथिनांची असते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्ले नावाच्या लहान घटकांची लांब साखळी असून मण्यांची माळ डोळ्यांसमोर आणली तर तिची रचना चटकन लक्षात येते. गाईच्या दुधातील बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन म्हणजे १६२ मण्यांची माळ आहे. जठरातील आणि आतड्यातील पाचकरस ही माळ जागोजागी तोडतात आणि सुटे मणी किंवा दोन-तीन मण्यांचे तुकडे रक्तात शोषले जातात. परंतु हे काम शंभर टक्के पूर्ण होत नाही. काही लांब तुकडे, आणि अत्यल्प प्रमाणात अखंड माळासुद्धा, आतड्याच्या अस्तरातून निसटून आईच्या रक्तात जातात आणि तेथून स्तनातील दूध तयार करणाऱ्या ग्रंथींपर्यंत पोहोचतात.

मानवी शरीर बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन स्वतः तयार करत नसल्यामुळे आईच्या दुधात ते आढळले तर ते तिच्या आहारातूनच आले असे निश्चित म्हणता येते, आणि म्हणूनच संशोधकांनी या प्रथिनाचा माग सर्वाधिक काढला आहे. सर्वच आयांच्या दुधात ते सापडत नाही. ज्यांच्या दुधात सापडते, त्यांच्यातही ते दर मिलिलिटरला साधारणपणे काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या काही अब्जांश इतकेच असते. गाईच्या एक मिलिलिटर दुधात हेच प्रथिन सुमारे तीन मिलिग्रॅम असते, म्हणजे आईच्या दुधातील प्रमाण त्याच्या सुमारे दहा लाखांश भरते. बहुतेक बाळांना एवढ्या सूक्ष्म मात्रेचा त्रास होत नाही. उलट आईच्या दुधातील संरक्षक घटकांच्या सोबतीने आलेली ही मात्रा बाळाच्या प्रतिकारयंत्रणेला अन्नाची ओळख करून देते, असे मानले जाते.

या हिशेबावरून एक मोठी विसंगती उघड होते. बाळाला त्रास होऊ लागला की आईचे दूध मानवत नाही असा निष्कर्ष काढून डब्यातील दूध सुरू केले जाते; परंतु नेहमीची डब्यातील दूधपावडर गाईच्या दुधापासूनच बनत असल्यामुळे, बाळाला खरोखर त्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असेल, तर संशयित पदार्थाची मात्रा अशा उपायाने लाखो पटींनी वाढते.

वातुळ पदार्थांची गोष्ट वेगळी आहे. हरभऱ्याच्या डाळीने किंवा कोबीने आईच्या पोटात वायू धरतो, कारण न पचलेले तंतू आणि काही शर्करा मोठ्या आतड्यातील जिवाणू आंबवतात. ते तंतू तेथेच राहतात आणि तो वायू दुधात उतरत नाही. त्यामुळे आईला वात झाला म्हणून बाळालाही होतो, हा समज शरीरशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. लसणासारख्या पदार्थांचा गंध मात्र दुधात उतरतो, पण ती अ‍ॅलर्जी नव्हे.

दुग्धशर्करा, म्हणजे लॅक्टोज, हीदेखील अ‍ॅलर्जीच्या हिशेबात धरता येत नाही. ती माळ नसून साखर आहे. आईच्या दुधात ती दर १०० मिलिलिटरला सुमारे ७ ग्रॅम असते आणि आईने गाईचे दूध प्यायले किंवा सोडले तरी हे प्रमाण बदलत नाही. म्हणून आईने लॅक्टोजमुक्त दूध पिण्याने बाळाच्या अ‍ॅलर्जीवर काहीच परिणाम होत नाही, कारण त्या दुधातून साखर मोडलेली असली तरी प्रथिने जशीच्या तशी असतात.

प्रतिक्रिया दोन प्रकारची

प्रतिकारयंत्रणा माळेतील ठरावीक मण्यांचा क्रम ओळखून ती आपली की परकी, धोक्याची की बिनधोक, हे ठरवते. अन्नाला बिनधोक मानण्याची सवय तिला तान्हेपणी लागते आणि ती नीट लागली नाही तर अ‍ॅलर्जी निर्माण होते. पहिल्या, तात्काळ प्रकारात आयजीई नावाची प्रतिपिंडे, म्हणजे रक्तातील ओळख पटवणारी प्रथिने, गुंतलेली असतात. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत काम करणारे जपानी दांपत्य इशिझाका आणि स्वीडनमधील योहान्सन व बेनिक यांनी ती स्वतंत्रपणे शोधली. या प्रकारात अन्न पोटात गेल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, ओठ व पापण्या सुजतात, उलट्या होतात आणि क्वचित श्वास कोंडतो. केवळ आईच्या दुधावरील बाळात हा प्रकार दुर्मीळ असून बहुधा तो वरचे दूध पहिल्यांदा थेट तोंडात गेल्यावर दिसतो.

दुसऱ्या, विलंबित प्रकारात आयजीईचा सहभाग नसतो आणि आतड्याच्या अस्तराला तासांनी किंवा दिवसांनी सूज येते. स्तनपानावरील बाळात याचे सर्वांत ठळक रूप म्हणजे साधारणपणे पहिल्या दोन महिन्यांत, एरवी हसतेखेळते असणाऱ्या आणि वजन नीट वाढणाऱ्या बाळाच्या शौचात आव आणि रक्ताच्या बारीक रेषा दिसणे. दृश्य घाबरवणारे असले तरी हा विकार सहसा सौम्य असतो आणि बहुतेक बाळांत वर्षाच्या आत मावळतो. या प्रकारात आयजीई नसल्याने रक्ताची किंवा त्वचेवर टोचून केलेली अ‍ॅलर्जीची तपासणी निर्दोष येते. बाजारात मिळणाऱ्या, आयजीजी प्रतिपिंडे मोजून डझनावारी पदार्थांची यादी देणाऱ्या तपासण्या तर निदानासाठी ग्राह्यच धरल्या जात नाहीत, कारण आयजीजी ही शरीराने ते अन्न पाहिल्याची खूण आहे, अ‍ॅलर्जीची नव्हे.

संशयाआधी छाननी

निरोगी बाळाचे रडणे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळसाला पोहोचते आणि तीन-चार महिन्यांत ओसरते. दूध पिऊन झाल्यावर गुळणी येणे, शी पिवळी किंवा हिरवी असणे, ती दिवसातून सात-आठ वेळा किंवा आठवड्यातून एकदाच होणे, हेही आईच्या दुधावरील बाळात स्वाभाविक आहे. इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे १३०० बाळांच्या नोंदी तपासल्या तेव्हा, दुधाच्या अ‍ॅलर्जीची सौम्य ते मध्यम लक्षणे म्हणून मार्गदर्शक यादीत दिलेल्या गोष्टींपैकी किमान दोन गोष्टी सुमारे तीन-चतुर्थांश बाळांत कोणत्या ना कोणत्या महिन्यात आढळल्या. दुधाची अ‍ॅलर्जी मात्र केवळ स्तनपानावर असलेल्या बाळांत दोनशेत एखाद्यालाच आढळते, असा सर्वसाधारण अंदाज आहे.

रक्ताच्या रेषांनाही इतर कारणे असतात. गुदद्वाराशी बारीक चीर पडलेली असते, आईच्या स्तनाग्राला भेगा पडल्याने तिचेच रक्त बाळाने गिळलेले असते किंवा जंतुसंसर्ग झालेला असतो. फिनलंडमध्ये शौचात रक्त आढळलेल्या ४० बाळांची शिस्तशीर तपासणी करून २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दुधाची अ‍ॅलर्जी सुमारे १८ टक्के बाळांतच सिद्ध झाली.

आईच्या ताटाकडे बोट दाखवण्यापूर्वी बाळाच्या तोंडात थेट काय जाते हे पाहणे महाराष्ट्रात विशेष आवश्यक आहे. सहाणेवर उगाळलेल्या बाळगुटीत वेखंड, मुरडशेंग, हिरडा, जायफळ यांच्या जोडीला बदाम आणि खारीकही असते; म्हणजे केवळ आईच्या दुधावर आहे असे सांगितले जाणारे बाळ प्रत्यक्षात रोज बदामाचे प्रथिन थेट चाटत असते. बारशाला किंवा त्याआधी चाटवलेला मध तर बॉट्युलिझम या विषबाधेच्या धोक्यामुळे वर्षाच्या आत वर्ज्यच आहे. प्रसूतीनंतर पहिल्या दोन दिवसांत दूध उतरले नाही म्हणून दिलेली दूधपावडरही या नोंदीत यायला हवी. याशिवाय आंघोळीच्या वेळी अंगाला चोळलेली साय आणि डाळीचे पीठ लक्षात घ्यावे लागते. इसबामुळे भेगाळलेल्या त्वचेतून आत शिरलेले प्रथिन प्रतिकारयंत्रणेला शत्रू वाटण्याची शक्यता अधिक असते, असे लंडनमधील संशोधक गिडिऑन लॅक यांनी मांडले आणि पुढील संशोधनाने त्याला बळ दिले. त्यामुळे बाळाला इसब असेल, तर साय आणि पीठ लावणे थांबवणे हा बिनखर्चाचा आणि बिनधोक उपाय ठरतो.

बंद करणे ही अर्धीच चाचणी

छाननीनंतरही संशय उरला, तर बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने करावयाची चाचणी दोन टप्प्यांची असते. पहिल्या टप्प्यात आईने एकच पदार्थ, आणि तो प्रथम बहुधा दूध व सर्व दुग्धजन्य पदार्थ, दोन ते चार आठवडे पूर्ण बंद करावा. दुधातील परके प्रथिन काही दिवसांत नाहीसे होत असले, तरी सुजलेले अस्तर भरून यायला वेळ लागतो, म्हणून ही मुदत ठेवलेली आहे. दूध, गहू, अंडी, सोया आणि दाणे एकदम सोडले, तर बाळ सुधारूनही कशामुळे सुधारले हे कळत नाही आणि आई मात्र अर्धपोटी राहते.

दुसरा टप्पा बहुतेक घरांत वगळला जातो, आणि चाचणीचा जीव त्यातच असतो. बाळ सुधारले, की आईने दूध पूर्वीच्या प्रमाणात पुन्हा सुरू करून सुमारे आठवडाभर निरीक्षण करावे. सहाव्या आठवड्यात रडण्याचा कळस असताना दूध सोडले, तर दहाव्या आठवड्यात बाळ शांत होणारच होते. त्याच वेळी दुधाऐवजी दोडका सोडला असता तरी तोच गुण आला असता. दूध परतल्यावर त्रासही परतला, तरच संशय खरा ठरतो. परतला नाही, तर आईला तिचे ताट परत मिळते. तात्काळ प्रकारची लक्षणे दिसून गेलेल्या बाळावर मात्र हा प्रयोग घरी करू नये. तेथे तपासणी आणि पुनर्परीक्षण रुग्णालयातच व्हायला हवे.

या काळात साध्या वहीत तारीख, आईचे खाणे, बाळाची शी, रडणे आणि त्वचेची स्थिती यांची नोंद ठेवावी, कारण स्मरणशक्ती संशयाच्या बाजूने झुकते. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे वजन दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅमने वाढते. माता व बाल संरक्षण कार्डावरील वजनाची रेषा चढती असेल, तर ही चाचणी घाई न करता करता येते.

बाळंतिणीच्या आहारातून दूध काढताना

दूध बंद म्हणजे केवळ पेला बंद नव्हे. खीर, शतावरी कल्प, चहा, दही, ताक, लोणी, पनीर, पेढे आणि श्रीखंड यांत ही प्रथिने उघडच असतात. विरजणाने लॅक्टोज घटते, पण माळा शाबूत राहतात. उकळल्याने त्या विस्कटतात, पण तुटत नाहीत, म्हणून दही किंवा उकळलेले दूध चालत नाही. म्हशीच्या आणि शेळीच्या दुधातील माळांचे मणी जवळजवळ त्याच क्रमाने ओवलेले असल्यामुळे तेही पर्याय ठरत नाहीत. देशी गाईचे म्हणून चढ्या भावाने विकले जाणारे ए-टू दूध साध्या दुधापासून वेगळे असते ते बीटा-केसीन या एका माळेतील ६७ व्या मण्यापुरते. अ‍ॅलर्जी असलेल्या बाळाच्या दृष्टीने हा फरक नगण्य आहे. तूप बव्हंशी स्निग्धांश असले तरी कढवताना तळाशी बसणारी बेरी ही दुधातील प्रथिने आणि साखर करपून झालेली असते आणि गाळलेल्या तुपातही तिचा अंश उरतो. म्हणून चाचणीच्या आठवड्यांत लाडू तेलात वळणे आणि तुपाबाबत डॉक्टरांचा सल्ला घेणे हिताचे असते. बिस्किटे आणि पावाच्या वेष्टनावर केसीन, व्हे किंवा दुधाची भुकटी यांचा उल्लेख शोधावा; अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार दुधासह प्रमुख अ‍ॅलर्जीकारक घटक वेष्टनावर जाहीर करणे बंधनकारक आहे.

स्तनदा मातेला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, अशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस आहे. नाचणीत दर १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पांढरे तीळ त्याहून कितीतरी समृद्ध असतात आणि राजगिऱ्याची व शेवग्याची पालेभाजीही उपयोगी पडते. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी आणि पाला यांनी बराच पल्ला गाठता येतो, तरी दूध दीर्घकाळ बंद राहणार असेल, तर कॅल्शियमच्या गोळीची गरज बहुधा पडतेच.

पुण्यातील संशोधनाचा इशारा

कॅल्शियमपेक्षाही गंभीर प्रश्न बी-१२ या जीवनसत्त्वाचा आहे, आणि त्याचे पुरावे पुण्यातच गोळा झालेले आहेत. रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतील महिलांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला, जो पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी या नावाने जगभर ओळखला जातो. गरोदरपणी हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा खाणाऱ्या मातांची बाळे जन्मतः अधिक मोठी असल्याचे त्यातून दिसले, आणि पुढील तपासण्यांत सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी असल्याचे आढळले. पुणे शहर आणि परिसरातील मध्यमवयीन पुरुषांच्या वेगळ्या पाहणीतही कमतरतेचे प्रमाण जवळपास तेवढेच निघाले.

बी-१२ वनस्पतींत नसते. शाकाहारी कुटुंबात ते प्रामुख्याने दूध, दही आणि ताकातूनच मिळते, आणि आईच्या शरीरात ते कमी असेल, तर तिच्या दुधातही ते कमी उतरते. अशा दुधावर वाढणाऱ्या बाळात काही महिन्यांनी फिकटपणा, त्वचेचा काळपटपणा, मलूलपणा, शिकलेल्या हालचाली विसरणे आणि पुढे हातपाय थरथरणे अशी लक्षणे दिसू शकतात. भारतीय बालरोगतज्ज्ञ या चित्राला इन्फंटाइल ट्रेमर सिंड्रोम या नावाने ओळखतात. ज्या आईचा साठा भरपूर आहे, तिने तीन आठवडे दूध सोडले तर काही बिघडत नाही. परंतु साठा आधीच तळाला असताना, नुसत्या संशयावर आठ-दहा महिने दूध सोडणे म्हणजे बहुधा नसलेल्या विकारासाठी खऱ्या कमतरतेची जोखीम पत्करणे होय. म्हणूनच दूध बंद करतानाच बी-१२ ची गोळी सुरू करण्याविषयी डॉक्टरांशी बोलणे, आणि पुन्हा सुरू करण्याची तारीख त्याच दिवशी वहीत लिहून ठेवणे आवश्यक आहे.

अ‍ॅलर्जी सिद्ध झाल्यावर

चाचणी दोन्ही टप्प्यांत खरी ठरली, तर स्तनपान चालू ठेवून आईने दूध वर्ज्य करावे. पथ्य साधारण सहा महिने किंवा बाळ नऊ ते बारा महिन्यांचे होईपर्यंत पाळले जाते. काही कारणाने वरचे दूध द्यावेच लागले, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ज्यात माळा तोडून बारीक तुकडे केलेले असतात असे, किंवा तीव्र विकारात सुट्या मण्यांचे, म्हणजे केवळ अमिनो आम्लांचे, विशेष दूध दिले जाते. विलंबित प्रकारात दूध परत आणताना आधी बिस्किटात भाजलेले, मग शिजवलेल्या पदार्थातील, मग दही आणि शेवटी साधे दूध अशी पायरी चढवतात, कारण पिठाबरोबर दीर्घकाळ भाजल्याने प्रथिनांचा आकार बदलतो आणि ती अधिक सोसतात.

दुधाची अ‍ॅलर्जी आहे म्हणून इतर पदार्थ लांबणीवर टाकू नयेत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील लीप अभ्यासात तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ६४० बाळांपैकी ज्यांना वर्षाच्या आत शेंगदाणा नियमित दिला गेला, त्यांच्यात पाचव्या वर्षापर्यंत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. सहा महिने पूर्ण झाल्यावर वरच्या अन्नात अंडे आणि बारीक दाण्याचे कूट योग्य वेळी यावे (अख्खा दाणा मात्र घशात अडकण्याचा धोका असल्याने नको), आणि तीव्र इसब असलेल्या बाळात त्याआधी डॉक्टरांना विचारावे. अन्नाशी वेळेवर झालेली ओळख प्रतिकारयंत्रणेला सहिष्णू बनवते. आईने आधीच धास्तीने पदार्थ सोडल्याने बाळाची अ‍ॅलर्जी टळते, असे मात्र संशोधनातून दिसलेले नाही.

चौकट : थोडक्यात

- स्तनपान थांबवू नये; नेहमीच्या डब्यातील दुधात संशयित प्रथिन कितीतरी अधिक असते.
- गुटी, मध, वरचे दूध आणि अंगाला लावलेली साय यांचा हिशेब आधी मांडावा.
- एका वेळी एकच पदार्थ दोन ते चार आठवडे बंद करावा आणि नंतर पुन्हा सुरू करून पाहावा.
- म्हशीचे, शेळीचे, ए-टू किंवा लॅक्टोजमुक्त दूध हे पर्याय नव्हेत.
- दूध बंद असताना आईच्या कॅल्शियम व बी-१२ ची सोय लावावी.
- ओठ-चेहरा सुजणे, श्वास लागणे, हिरवी उलटी, पोट ताठर फुगणे, भरपूर रक्त, मलूलपणा किंवा तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप, यांपैकी काहीही दिसल्यास चाचणीत वेळ न घालवता तत्काळ रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे.